अकरा शहरं खोड, तीन मुक्काम ठेव

अनेक आशीर्वाद.

तुझ्या जर्मनीच्या रेल्वेप्रवासाचा तू पाठवलेला तक्ता मी दोनदा वाचला. चौदा दिवस आणि अकरा शहरं. रोज नवी गाडी, जवळजवळ रोज नवी खोली, आणि दोन गाड्यांच्या मध्ये कुठे आठ मिनिटं, कुठे अकरा. तू किती रात्री जागून हे जुळवलं असशील ते कळतं. पण या तक्त्यात एकाही गाडीला उशीर व्हायला जागा नाही, आणि जर्मनीत गाड्यांना उशीर होतो.

आपल्याकडे अजूनही जर्मन गाडीवर घड्याळ लावावं असं लोक मानतात. तुझ्या बाबांनीही तेच सांगितलं असेल. २०२४ साली तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तिथे वेळेवरच धरतात. रूळ जुने झालेत, एकाच मार्गावर जलद गाड्या, लोकल आणि मालगाड्या धावतात आणि आता मोठे मार्ग महिनोन्महिने बंद ठेवून दुरुस्ती चालली आहे. २०२४ मध्ये फ्रँकफुर्ट-मानहाइम मार्ग पाच महिने बंद होता, ऑगस्ट २०२५ मध्ये हॅम्बुर्ग-बर्लिन बंद झाला. म्हणून बेत आखताना शहरं किती बसतात हे बघू नकोस. एक गाडी चुकली तर पुढचं किती कोसळतं ते बघ. तुझ्या तक्त्यात तिसऱ्या दिवशी एक गाडी चुकली, तर सातव्या दिवसापर्यंतचं सगळं कोसळतं.

मी म्हणते, तीन मुक्काम कर. कोलोनला चार रात्री, बर्लिनला पाच, न्युर्नबर्गला चार आणि शेवटची रात्र फ्रँकफुर्टला, म्हणजे विमानाच्या दिवशी गाडीची धाकधूक नको. बॅग फक्त चार वेळा उचलायची. बाकीचे दिवस सकाळी पाठीवर छोटी सॅक घेऊन निघायचं आणि रात्री त्याच खोलीवर परतायचं. म्युनिक मी मुद्दाम वगळलं. सप्टेंबरच्या उत्तरार्धात तिथे ओक्टोबरफेस्ट सुरू होतो, तेव्हा साध्या हॉस्टेलचा पलंगसुद्धा तुझ्या खिशाला परवडायचा नाही.

आता तिकिटांचं. रेल्वेचा पास घ्यावा का, असं तू विचारलंस. परदेशी पाहुण्यांसाठीचा जर्मन रेल पास रोज लांबचा प्रवास करणाऱ्याला परवडतो. तुझे लांबचे प्रवास आता तीनच उरले: कोलोन-बर्लिन, बर्लिन-न्युर्नबर्ग, न्युर्नबर्ग-फ्रँकफुर्ट. त्यांची श्पारप्राइस, म्हणजे सवलतीच्या दराची, तिकिटं आत्ताच काढ, जितकी लवकर काढशील तितकी स्वस्त. त्याहून स्वस्त झूपर-श्पारप्राइस असतं, पण ते रद्द करता येत नाही, त्यामुळे व्हिसा हातात येईपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नकोस. बाकी सगळ्यासाठी डॉइचलांड-टिकेट घे. २०२३ मध्ये ते ४९ युरोंना सुरू झालं, २०२६ पासून महिन्याला ६३ युरो आहे. देशभरातल्या लोकल आणि रेगिओनाल म्हणजे प्रादेशिक गाड्या, शिवाय गावोगावच्या ट्राम, बस, मेट्रो, सगळं त्यात येतं. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या मात्र येत नाहीत, एवढं पक्कं लक्षात ठेव. हे तिकीट तारखेपासून तीस दिवसांचं नसतं, कॅलेंडरच्या महिन्याचं असतं. तू २२ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर असं लिहिलंयस, म्हणजे दोन महिन्यांचे पैसे जातील. विमानाचं तिकीट अजून काढलं नसशील तर १४ ते २८ सप्टेंबर कर. आणि ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं, तेव्हा १० सप्टेंबरच्या आत, निघण्याआधीच, रद्द करून टाक. चालू महिनाअखेरपर्यंत ते चालतंच.

पहिल्या दिवसासाठी ठरावीक गाडीचं तिकीट काढू नकोस. विमान दोन तास उशिरा उतरलं की ते वाया. डॉइचलांड-टिकेट असलं की कुठल्याही लोकलनं निघता येतं, आणि त्या निमित्तानं तुझी या प्रवासातली सर्वांत सुंदर वाट पहिल्याच दिवशी होईल. फ्रँकफुर्ट विमानतळाखालच्या रेगिओनालबानहोफवरून, म्हणजे लोकलच्या स्टेशनावरून (लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन वेगळं आहे, तिकडे वळू नकोस) एस-बान ही शहरी लोकल घेऊन माइन्झला जा आणि तिथून ऱ्हाइनच्या डाव्या काठानं कोलोनला जाणारी लोकल पकड. उजवीकडची खिडकी घे. बिंगेनपासून कोब्लेन्झपर्यंत सुमारे ६५ किलोमीटर नदी तुझ्या शेजारून वाहते, दोन्ही बाजूंना उभ्या चढणीवर द्राक्षांचे मळे, वळणावळणाला एखादा गढीसारखा किल्ला. पलीकडच्या काठावर लोरेलायचा १३२ मीटर उंच कडा येईल, तो चुकवू नकोस. आयसीईनं हाच प्रवास तासाभरात होतो, पण २००२ साली झालेल्या त्या नव्या मार्गावर बोगद्यामागून बोगदे आहेत आणि ऱ्हाइन जवळजवळ दिसतच नाही. लोकलला तीनेक तास लागतात. खुशाल लागू देत.

कोलोनला स्टेशनातून बाहेर पाऊल टाकलंस की समोर कथेड्रल. मान वर करूनही मावत नाही: १५७ मीटर. १२४८ साली काम सुरू झालं आणि १८८० साली संपलं. दक्षिण मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या सकाळीच चढ, दुपारी रांग लागते. कोलोनहून एक दिवस आल्टेनाला जाऊन ये. तुझ्या यादीत ते नाही, कुणाच्याच नसतं. हागेनच्या पुढे, लेने नदीकाठचं छोटं गाव. रिशार्ड शिरमान नावाच्या शाळामास्तरांनी तिथल्या किल्ल्यात १९१२ साली जगातलं पहिलं कायमचं युवा-वसतिगृह सुरू केलं. तू ज्या हॉस्टेलांच्या आधारावर एकटी हिंडायला निघाली आहेस, त्यांची सुरुवात इथली. तेव्हाच्या लाकडी पलंगांची खोली अजून जपून ठेवली आहे.

आता कोलोन-बर्लिन. हा दिवस नीट वाच. थेट आयसीई घे, बदलायची नको, आणि जागा राखून ठेव. ते सक्तीचं नाही, पाच-साडेपाच युरो जास्त पडतात, पण साडेचार तास दारात उभं राहण्यापेक्षा ते बरे. फलाटावर ए, बी, सी अशी अक्षरं लावलेली असतात, तुझा डबा कुठल्या अक्षरापाशी येणार ते जर्मन रेल्वेच्या डीबी नॅव्हिगेटर ॲपमध्ये दिसतं. गाडी दोन-चार मिनिटंच थांबते. ‘उमगेकेर्टे वागेनरायहुंग’ असं कानावर पडलं की समज, डबे उलट्या क्रमानं आले आहेत, चालायला लाग.

डब्यावरची पाटी वाचल्याशिवाय मात्र कधी चढू नकोस, हे मी कळकळीनं सांगते. मी पहिल्यांदा एकटी फिरले तेव्हा योग्य फलाटावर, योग्य वेळी, योग्य गाडीत बसले होते, तरी भलत्याच गावी उतरले. जर्मनीत अनेक गाड्या मधल्या स्टेशनात दुभंगतात, पुढचे डबे एका गावाला आणि मागचे दुसऱ्या. घोषणा झाली होती. मला वर्गातलं जर्मन येत होतं, पण स्पीकरमधलं जर्मन मला कळलं नाही. संध्याकाळचे सात, नोव्हेंबरचा अंधार, एका फलाटाचं स्टेशन आणि पुढची गाडी तासानं. त्या तासात मी खूप रडले. मग फलाटावरच्या पिवळ्या कागदावरचं वेळापत्रक वाचायला लागले आणि त्यातून वाट सापडली. सुटणाऱ्या गाड्यांचे ते पिवळे कागद अजून असतात. मोबाइल बंद पडला तर तेवढाच आधार.

उशीर झाला तर काय? श्पारप्राइसला ठरावीक गाडीचं बंधन असतं, पण मुक्कामाला वीस मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की ते बंधन सुटतं आणि दुसऱ्या एखाद्या गाडीनं जाता येतं. साठ मिनिटांच्या उशिराला भाड्याचा पाव भाग परत मिळतो, दोन तासांना निम्मा. हे पैसे मागायला लाजू नकोस, तो तुझा हक्क आहे. दोन वेगवेगळी तिकिटं जोडून प्रवास केलास तर मात्र या हक्कावर विसंबू नकोस, म्हणूनच थेट गाडीचा आग्रह.

बर्लिनचं मुख्य स्टेशन अनेक मजली आहे. १ ते ८ फलाट तळाशी, ११ ते १६ वर. न्युर्नबर्गला निघताना अर्धा तास आधी पोच. बर्लिनमध्ये काय बघायचं ते तुला ठाऊक आहे, मी फक्त दोन जागा जोडते. डालेम भागात इहनेश्ट्रासे या रस्त्यावर एक जुनी इमारत आहे, आता ती विद्यापीठाकडे आहे. तिथल्या मानववंशशास्त्र संस्थेत इरावती कर्वे शिकल्या, १९३० साली बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन परतल्या. संचालक वंशश्रेष्ठतेच्या विचारांचे होते. कवट्या मोजून केलेल्या अभ्यासात त्यांना हवा होता तसा वांशिक भेद इरावतीबाईंना दिसला नाही, आणि त्यांनी दिसलं तेच लिहिलं. पुण्याहून गेलेली एकटी बाई, परक्या भाषेत, गुरूच्या मताविरुद्ध. त्या दारासमोर क्षणभर उभी राहा. मग एस-७ या लोकलनं ग्रुनेवाल्ड स्टेशनला जा आणि १७ नंबरचा फलाट बघ. तिथून आता गाडी सुटत नाही. बर्लिनच्या ज्यूंना छावण्यांकडे नेणाऱ्या गाड्या तिथून सुटल्या. फलाटाच्या कडेनं लोखंडी पट्ट्या बसवल्या आहेत, प्रत्येकीवर तारीख, माणसांचा आकडा आणि गाडी कुठे गेली ते. रेल्वेनं जर्मनी बघणाऱ्या माणसानं हा फलाट टाळू नये असं मला वाटतं.

न्युर्नबर्गला रेल्वेचं संग्रहालय आहे. ७ डिसेंबर १८३५ रोजी जर्मनीतली वाफेवरची पहिली गाडी न्युर्नबर्गहून फ्युर्थला गेली. इंजिन इंग्लंडमधून आणलेलं, चालकही इंग्रज. आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्या साधारण सतरा वर्षं आधी. तिथून रोथेनबुर्गला जाशील तेव्हा नाव पूर्ण टाइप कर, ‘ओब डेर टाउबर’सकट. एका नावाची अनेक गावं आहेत. फ्रँकफुर्टही दोन आहेत, माइनवरचं आणि पोलंडच्या सीमेवरचं, ओडरवरचं. तुझं विमान माइनवाल्यावरून आहे.

किरकोळ गोष्टी. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच खाणं घेऊन ठेव, अगदीच अडलं तर मोठ्या स्टेशनातली दुकानं उघडी असतात. नळाचं पाणी बिनधास्त पी. पाण्याची रिकामी बाटली टाकू नकोस, दुकानातल्या यंत्रात घातली की २५ सेंट परत मिळतात. आईला सांग, पेढे आणि तूप बॅगेत घालू नये, दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. शेंगदाण्याची चटणी ने.

आणि आई ज्याला घाबरते आहे ते. रात्री लोकलमध्ये पुढच्या डब्यात, चालकाजवळ बस. शेवटच्या गाडीवर कधीच बेत ठेवू नकोस, शेवटून दुसरी हीच तुझी शेवटची. मदतीला ११२, पोलिसांना ११०. आणि स्टेशनात ‘बानहोफ्समिसिओन’, म्हणजे प्रवाशांच्या मदतकेंद्राची, पाटी शोध. १८९४ साली बर्लिनमध्ये ती सुरू झाली, खेड्यांतून कामासाठी एकट्या शहरात येणाऱ्या मुलींना स्टेशनात कुणी फसवू नये म्हणून. आज सुमारे शंभर स्टेशनांत ती आहे, अडलेल्या कुणालाही बसायला जागा आणि गरम चहा मिळतो. मला त्या संध्याकाळी हे ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक असलेलं बरं.

नवा तक्ता रविवारपर्यंत पाठव. प्रत्येक दिवसापुढे एक रकाना जास्त कर: ‘ही गाडी चुकली तर’. तो भरून आला की आईशी मी स्वतः बोलते.

तुझ्या,
बाई