वाचकांचे प्रश्न : न्यूइंग्टनला जाताना परवाना खिशात असू द्या

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून गेली सहा वर्षे माझ्याकडे हौशी रेडिओचा मर्यादित श्रेणीचा परवाना आहे. येत्या मे महिन्यात मुलीकडे बॉस्टनला जाण्याचा योग आहे. अमेरिकेतील हौशी रेडिओ संघटनेचे मुख्यालय तिथून फारसे दूर नाही असे समजते. ते पाहण्यासारखे आहे काय, आणि परदेशी परवानाधारकाला तेथे संचावर बसू देतात काय? आमचे जावईबापू म्हणतात, "बाबा, कचेरी पाहायला कुणी दोन तास गाडी हाकते काय?"
— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : जावईबापूंना सांगावे की नुसती कचेरी पाहायची असती तर त्यांचे म्हणणे बरोबर ठरले असते. कनेक्टिकट राज्यात हार्टफर्ड शहरालगत न्यूइंग्टन नावाचे छोटे गाव आहे. तेथील मेन स्ट्रीटवर अमेरिकन रेडिओ रिले लीग, म्हणजे एआरआरएल, या संघटनेचे मुख्यालय आहे, आणि त्याच आवारात डब्ल्यू-वन-ए-डब्ल्यू हे तिचे बिनतारी केंद्र आहे. आपल्याला जायचे आहे ते या केंद्रासाठी. कचेरीत टेबले, संगणक आणि कागद आहेत. ते आपण पंचायत समितीत पुष्कळ पाहिले आहेत.

संघटनेच्या नावातला 'रिले' हा शब्द कुठून आला, हे ठाऊक असले म्हणजे त्या जागेचा अर्थ अधिक कळतो. १९१४ साली हार्टफर्डचे अभियंते हायरम पर्सी मॅक्सिम यांना स्प्रिंगफील्ड येथील एका हौशी चालकाशी संपर्क साधायचा होता. अंतर जेमतेम ५० किलोमीटरच्या आतले, तरी त्या काळच्या ठिणगीच्या प्रक्षेपकाने संदेश तिथवर पोचेना. तेव्हा वाटेतल्या विंडसर लॉक्स गावच्या चालकाने तो ऐकून पुढे धाडला. आर्वीहून कारंज्याला निरोप द्यायचा असला की तळेगावच्या स्टँडवर एसटीच्या वाहकाकडे तो सोपवायचा, ही रीत आपल्या पिढीने वर्षानुवर्षे पाळली आहे. मॅक्सिम यांनी तीच रीत देशभर बसवायचे ठरवले आणि क्लॅरेन्स टुस्का या तरुण सहकाऱ्यासह त्याच वर्षी लीगची स्थापना केली. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात 'क्यूएसटी' हे मासिक निघाले, आणि ते अजूनही चालू आहे. (हे मॅक्सिम म्हणजे मशीनगनचे जनक सर हायरम मॅक्सिम यांचे चिरंजीव. वडिलांनी कानठळ्या बसवणारी बंदूक काढली आणि मुलाने बंदुकीचा आवाज दाबणारा सायलेन्सर काढला. घराघरांत असे चालतेच.)

मॅक्सिम १९३६ च्या फेब्रुवारीत वारले. लगेच पुढच्या महिन्यात कनेक्टिकट नदीला महापूर आला आणि हार्टफर्डच्या विमानतळाजवळ असलेले लीगचे जुने केंद्र त्यात गेले. १९३८ साली न्यूइंग्टनला विटांची नवी इमारत उभी राहिली आणि तिला मॅक्सिम यांचे नाव देण्यात आले; त्यांचे स्वतःचे डब्ल्यू-वन-ए-डब्ल्यू हे संकेतचिन्हही (परवान्यासोबत मिळणारे हवेतले नाव) केंद्राकडे कायमचे राहिले. लीगची कचेरी मात्र तेथे १९६३ साली आली, म्हणजे आधी केंद्र आणि मागाहून कारकून. हा क्रम मला योग्य वाटतो.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळतो. पाहुण्या हॅमना, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओ चालकांना, तेथे संचावर बसू देतात. इमारतीत त्यांच्यासाठी वेगळ्या खोल्या राखलेल्या आहेत, संच आणि मोठे अँटेना जोडून तयार असतात, आणि आपण डब्ल्यू-वन-ए-डब्ल्यू याच नावाने 'सीक्यू' (कुणीही उत्तर द्यावे, अशी हाक) म्हणू शकता. अट एवढीच की परवान्याची प्रत जवळ हवी. मूळ परवानाही सोबत ठेवावा, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात परवान्यांच्या परस्पर मान्यतेची व्यवस्था असून मुलीच्या घरून किंवा वाटेत स्वतःच्या संकेतचिन्हाने बोलायचे झाल्यास तोच आपला आधार आहे. तशा वेळी आपल्या व्हीयू-थ्रीने सुरू होणाऱ्या संकेतचिन्हाच्या आधी तेथील विभागाचे चिन्ह जोडावे लागते.

दिवस पाहूनच निघावे. मी स्वतः गेलो तो शनिवारी, कारण भाच्याला सुट्टी त्याच दिवशी होती. फाटकाशी पोचल्यावर कळले की पाहुण्यांचे स्वागत सोमवार ते शुक्रवार होते. चूक सर्वस्वी माझी होती, कारण आधी विचारून घेण्याचे कष्ट मी घेतले नव्हते. त्या दिवशी मनोऱ्यांकडे मान वर करून पाहिले, मान अवघडेपर्यंत पाहिले, आणि परत फिरलो. मंगळवारी पुन्हा गेलो तेव्हा मात्र पाऊण तास संच माझ्या हाती होता. आपल्याकडे घरच्या तारेवर 'सीक्यू, सीक्यू' करून घसा कोरडा पडतो आणि उत्तर एखादेच येते. तिथे उलट झाले. मी एकदा हाक दिली आणि इतक्या स्थानकांनी एकदम उत्तर दिले की हेडफोनमध्ये एकही संकेतचिन्ह सुटे ऐकू येईना. लिहिण्यासाठी धरलेली पेन्सिल कागदावर तशीच थांबली. शेजारी बसलेल्या स्वयंसेवकाने हळूच सांगितले की संपूर्ण चिन्ह पकडण्याचा नाद सोडा, ऐकू आलेली दोन अक्षरे उच्चारा आणि बाकीच्यांना थांबायला सांगा. हे शहाणपण मला माझ्या गावच्या गच्चीवर कधीच मिळाले नसते, कारण तिथे तशी गर्दीच होत नाही.

गावातील आपल्या एखाद्या परवानाधारक सोबत्याशी आधी वेळ ठरवून ठेवावी. मे महिन्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, म्हणजे तिकडे सकाळचे १० वाजतात तेव्हा आर्वीत संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. २० मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यावर प्रयत्न करायला ही वेळ वाईट नाही. सोबत्याला एक गोष्ट बजावून सांगावी. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका पश्चिमेला दिसते, म्हणून लोक अँटेनाचा रोख पश्चिमेकडे ठेवतात. पृथ्वीचा गोल हातात घेऊन वर्धा आणि हार्टफर्ड यांच्यामध्ये दोरा ताणून पाहिला तर तो उत्तरेकडे, किंचित पश्चिमेला कलून, आर्क्टिक वर्तुळाच्या आतून जातो. अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर भरते. साधा द्विध्रुव अँटेना, म्हणजे मधोमध जोडलेली सरळ तार, आपल्या तारेच्या काटकोनात अधिक जोर देतो. तेव्हा सोबत्याने आपली १० मीटरची तार कडुनिंबापासून गच्चीवरच्या बांबूपर्यंत पूर्व-पश्चिम ताणली, तरच तिचे तोंड न्यूइंग्टनकडे होते. वाट ध्रुवाजवळून जात असल्याने सूर्यावरच्या वादळांचा तिला फटका बसतो. त्या दिवशी काही ऐकू आले नाही तर सोबत्याने संच बिघडला समजून तो खोलत बसू नये.

जावईबापूंसाठी पाहण्याच्या दोन वस्तू आहेत. एक 'ओल्ड बेट्सी', म्हणजे मॅक्सिम यांचा ठिणगीचा प्रक्षेपक. दुसरी 'वूफ हाँग' नावाची वेडीवाकडी लाकडी वस्तू. मॅक्सिम टोपणनावाने जे चुरचुरीत लेख लिहीत, त्यांत बेशिस्त चालकांना वठणीवर आणण्याचे हत्यार म्हणून ती अवतरली. आपल्याकडे ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणे अडकवतात, त्याच जातकुळीतली ही वस्तू मानावी. आपल्याकडे १०० देशांची क्यूएसएल कार्डे (संपर्क झाल्याची पोच देणारी कार्डे) जमली असतील तर तीही सोबत न्यावीत. १०० देशांशी संपर्क साधल्याबद्दलच्या डीएक्ससीसी या प्रमाणपत्रासाठी ती तेथे समक्ष तपासून मिळू शकतात, मात्र आधी कळवून ठेवावे. परदेशी अर्जदाराला त्यासाठी लीगचे सभासद असण्याची गरज नसते.

प्रश्न : वरील प्रवासात हातातला छोटा संच (हँडी) सोबत न्यावा काय?
— तेच वाचक

उत्तर : माझा सल्ला नको असा आहे. सुरक्षा तपासणीत त्यावर प्रश्न निघतात, सुटी लिथियम बॅटरी सामानात टाकता येत नाही, ती हातातल्या पिशवीतच ठेवावी लागते, आणि एवढे करून न्यूइंग्टनला त्या संचाचा उपयोग शून्य. तिकडून नवा संच आणण्याचा मोह झालाच, तर सीमाशुल्क अधिकाऱ्याला आपणहून सांगावे आणि परवाना दाखवावा.

प्रश्न : आमच्या विद्यालयातील आठवी-नववीच्या मुलांना भारतातील हौशी रेडिओ संघटनेचे मुख्यालय दाखवावे असे विज्ञान मंडळाने ठरवले आहे. सहल कोठे न्यावी?
— एक शिक्षिका, ता. राजुरा, जि. चंद्रपूर

उत्तर : ताई, न्यूइंग्टनसारखे मनोऱ्यांचे आवार मनात धरून निघाल्यास मुलांची निराशा होईल. आपल्या राष्ट्रीय संघटनेचा आरंभ १९४८ साली महू येथील लष्कराच्या सिग्नल शाळेत एका क्लबच्या रूपाने झाला. पुढे तिचे ठाणे दिल्लीला गेले आणि १९५४ साली अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया हे नाव मिळाले. तिचे काम मुख्यतः देशभर विखुरलेल्या सभासदांच्या हातांनी चालते, त्यामुळे इमारत पाहून मुलांच्या पदरी फारसे पडणार नाही.

आपल्याला सोयीचे ठिकाण म्हणजे हैदराबाद. तेथे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ ही संस्था आहे, आणि राजुऱ्याहून बल्लारपूर गाठले की काझीपेठमार्गे सिकंदराबादला जाणाऱ्या गाड्या मिळतात. दिल्लीच्या मानाने हा प्रवास किरकोळ आहे. याच संस्थेच्या भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली एक चमू २००४ च्या डिसेंबरात अंदमानहून जगभरच्या हॅमशी बोलण्यासाठी गेला होता. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, दूरध्वनी बंद पडले, आणि हौसेसाठी नेलेले तेच संच बेटांवरच्या लोकांची खुशाली मुख्य भूमीवर कळवू लागले. ही हकीकत मुलांना गाडीतच सांगून ठेवावी, म्हणजे संच समोर आल्यावर ती नुसती बटणे मोजत बसणार नाहीत.

शाळेच्या पत्रावर किमान महिनाभर आधी लिहून विचारावे, आणि मुलांची संख्या वीसच्या आत ठेवावी. शॅक, म्हणजे हॅमची संच ठेवण्याची जागा, ही शेवटी एक खोली असते, आणि मागच्या रांगेतल्या मुलाला फक्त पुढच्याची पाठ दिसते. परतल्यावर कुणाला परवान्याची ओढ लागली तर वयाची १२ वर्षे पूर्ण असणे पुरेसे आहे. परीक्षा केंद्रीय दूरसंचार विभागाची बिनतारी शाखा घेते, आणि मर्यादित श्रेणीसाठी मोर्सची (टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीची) चाचणी द्यावी लागत नाही. तरीही मोर्स शिकवावे. तबल्याचे बोल ज्यांना पाठ होतात, त्या मुलांना ते फार लवकर येते, असा माझा अनुभव आहे.