कोकणातल्या माणसाने हालाँग बेला जाऊन बोटीवर रात्र काढण्यात अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही रत्नागिरीचे, आईवडलांना घेऊन व्हिएतनामला निघालाय. हालाँग बेची एक दिवसाची सहल पुरे की रात्रीची क्रूझ घ्यावी, हे तुम्हाला ठरवायचंय. आणि घरचे म्हणतायत, "जन्म समुद्राकाठी गेला, तिकडे जाऊन पुन्हा पाणीच काय बघायचं?" हे वाक्य वाचलं आणि मी लिहायला बसले. आमच्या घरात हे मी इतक्यांदा ऐकलंय की त्याला उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नाही.

सहल की क्रूझ, ते आधी आटपते. रात्र काढा. हनोईहून बंदर अडीच तासांवर आहे, म्हणजे एक दिवसाच्या सहलीत जाऊन-येऊन पाच तास गाडीत जातात आणि पाण्यावर जेमतेम चार-पाच तास मिळतात. तेही भर दुपारचे, सगळ्या बोटी एकाच गुहेपाशी गोळा झालेल्या असताना. त्यापेक्षा फोटो बघा, पैसे वाचतील. रात्रीच्या बोटीवर दुपारी बाराच्या सुमारास चढवतात, दुसऱ्या दिवशी अकराच्या आसपास उतरवतात. यातली गुहा, कयाक, स्वयंपाकाचा वर्ग वगैरे सगळं सोडलं तरी चालेल. संध्याकाळी पाच ते सकाळी सात एवढा वेळ मात्र सोडू नका. पैसे त्याचेच असतात.

आता घरच्यांच्या वाक्याबद्दल.

आमचं गाव मालवणजवळ. बाबा चाळीस वर्षं तांडेल, म्हणजे होडीचे मुख्य, होते, आता होडी दादा चालवतो. मी पुण्यात नोकरी करते. २०२३ च्या दिवाळीत मी घरी सांगितलं की बाबांना हालाँग बेला नेतेय, तिकिटं काढलीत. दादा जेवता जेवता थांबला. म्हणाला, "दारातलो दर्या सोडून विमानान दर्या बघूक चललंस?" त्याच्या मनात इंजिन होतं. २०२१ च्या तौक्ते वादळात होडीला मार बसला होता, तेव्हापासून इंजिनाचं काम नीट झालेलं नव्हतं आणि दादा दर महिन्याला थोडं थोडं करून भागवत होता. त्याचा राग मला कळत होता. पण तो पुढे जे बोलला ते मला अजून मान्य नाही. तो म्हणाला, बाबांना आता समुद्राचा कंटाळा आलाय, त्यांना काशीला ने.

बाबांना कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही, ही माझी चूक.

आम्ही गेलो तेव्हा त्रिपुरी पौर्णिमा होऊन गेली होती. धक्क्यावरून लहान होडीत बसवून मोठ्या बोटीकडे नेतात. बाबांनी होडीत पाय टाकला आणि पहिल्यांदा बोलले. पूर्वी मुंबईची बोट मालवणला यायची तेव्हा ती बाहेर उभी राहायची आणि उतारूंना होडीतून न्यावं लागायचं. आजोबांबरोबर ते लहानपणी त्या होडीत असायचे. बायका लुगडं आवरत, पोरं कडेवर घेऊन, लाटेचा अंदाज घेत बोटीच्या शिडीवर पाऊल टाकायच्या. इथे लाटच नव्हती. दीड हजाराहून जास्त बेटं आहेत, चुन्याच्या दगडाचे सुळके पाण्यातून सरळ वर आलेले. बाहेरचा समुद्र आत येईपर्यंत त्यातच मोडून जातो. त्यामुळे बोट लागण्याची भीती मनातून काढून टाका. आपल्याकडे मालवणहून वेंगुर्ल्याच्या बाजूला खडकांकडे जाताना पोटात ढवळतं, तसलं काही तिथे होत नाही.

गुहेत बाबा आले नाहीत. तितोप बेटावर वर चढायला चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत, तिथेही ते खाली वाळूत बसून राहिले. आमच्याबरोबरच्या लोकांना वाटलं म्हातारा कंटाळला. मलाही तसंच वाटलं आणि दादाचे शब्द कानात वाजायला लागले.

पाचच्या सुमारास बोटीने नांगर टाकला. एक सुळका पन्नासेक हातांवर होता. चुनखडी पाण्याने झिजते, त्यामुळे प्रत्येक सुळक्याला पाण्यालगत आतून खाच पडलेली असते, सुळका कमरेत कोरल्यासारखा दिसतो. त्या खाचेला खालच्या अंगाने कालवं चिकटलेली होती, पांढरट, दाट, आणि एका ठरावीक उंचीवर एकदम थांबलेली. बाबा कठड्याला टेकून तेच बघत होते. कालवं जिथे थांबतात तिथपर्यंत भरतीचं पाणी येतं, एवढं आमच्याकडे पोरांनाही कळतं. बाबांनी हाताचं बोट समोर धरून मोजलं आणि म्हणाले, माणसाच्या उंचीहून जास्त पाणी खाली गेलंय, अजून उतरतंय.

मग त्यांनी हिशेब केला. तुम्ही रत्नागिरीचे आहात, तुम्हाला ठाऊकच असेल, तिथीची पाऊणपट. त्या दिवशी वद्य द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे रात्री दीडला पूर्ण भरती, त्याआधी सहा तास, साडेसातच्या सुमारास पूर्ण ओहोटी. साडेसातला बघितलं तर खरंच पाणी तळाला लागून वळत होतं. परमुलुखात आपला हिशेब जमला म्हणून ते इतके खूश झाले की जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना हातवारे करून सांगत होते.

जेवणानंतर माकूल, म्हणजे स्क्विड, पकडायचा कार्यक्रम असतो. बोटीच्या कडेला दिवा लावतात, उजेडाला बारीक मासळी येते, तिच्यामागे माकूल येतं, पाहुण्यांच्या हातात बांबूची काठी देतात. बाबांनी काठी हातात घेतली नाही. "उजेड लावन मासळी काडूची नाय," एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. आपल्याकडे एलईडी दिवे लावून केलेल्या मासेमारीवर २०१७ पासून बंदी आहे आणि तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसतो, त्यावरून मालवणात किती भांडणं झालीत हे इथे सांगत बसत नाही. मी म्हटलं, बाबा, ही चार पोरांची काठी आहे, एलईडीची बोट नव्हे. त्यांना ते पटलं नाही. मला वाटतं तेच बरोबर होते. तुमच्याबरोबर लहान मुलं नसतील तर तो कार्यक्रम सोडाच.

रात्री आमची केबिन खालच्या मजल्यावर, जनरेटरला लागून निघाली. पुण्याच्या ज्या एजंटने बुकिंग करून दिलं त्याने बाल्कनीचे पैसे घेतले होते आणि मिळाली गोल खिडकी. पैसे परत मिळाले नाहीत. रात्रभर भिंत थरथरत होती. मी तशीच डोळे मिटून पडले. तीनच्या सुमारास जाग आली तर बाबा केबिनमध्ये नव्हते. धावत वर गेले. ते डेकवर शाल गुंडाळून बसले होते. वर चांदणं इतकं की सुळक्यांवरची झाडं मोजता यावीत. पलीकडच्या बोटीचा दिवा आणि मागच्या सुळक्याचं टोक एका रेषेत धरून ते आपली बोट नांगरावरून सरकतेय का हे बघत होते. मला बघून म्हणाले, "पाणी अजून चडताहा गो."

मला कळलं नाही. त्यांनी सुळका दाखवला. कालवं जवळपास बुडत आली होती. दीडला पाणी वळायला हवं होतं आणि तीन वाजले तरी चढत होतं. चाळीस वर्षांत एकदाही न चुकलेला हिशेब चुकला होता आणि तो का चुकला हे कळेपर्यंत ते झोपणार नव्हते. मी खाली जाऊन पांघरूण आणलं आणि शेजारी बसले. लग्न झाल्यापासून बाबांशेजारी इतका वेळ बसले नव्हते. मध्ये एकदा ते म्हणाले, "मियां चाळीस वर्सां दर्यात घातलंय. दर्या बघूक कधी गावलो नाय." दर्यात असताना नजर जाळ्यावर, इंजिनावर, वाऱ्यावर. पाणी बघायचं ते धोका बघायला.

पाणी वळलं ते सकाळी सातच्या सुमारास. तेव्हा बाबा मला घेऊन थेट कप्तानाकडे गेले. त्याला इंग्रजी येत नव्हतं, बाबांनाही नाही, गाइड अजून उठला नव्हता. बाबांनी जेवणाच्या टेबलावरचा कागदी रुमाल घेतला, माझं पेन मागितलं आणि दोन उंचवटे काढले, मध्ये खळगा. आमच्याकडे असं, दिवसाला दोन भरत्या. कप्तान हसला, पेन घेतलं आणि खाली एकच मोठा उंचवटा काढला, रुमालाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग दोघं बराच वेळ त्या रुमालाकडे बघत उभे होते. हालाँग बे ज्या आखातात आहे त्या टोंकिनच्या आखातात दिवसाला एकच भरती आणि एकच ओहोटी होते. मी नंतर वाचलं, त्या आखाताची लांबी आणि खोली अशी आहे की दिवसातून एकदा येणारी भरतीची लाट तिथे वाढते आणि दोनदा येणारी जवळजवळ मावळते. बाबांना हे वाचायची गरज नव्हती, त्यांनी ते रात्रभर जागून बघितलं होतं. तो रुमाल त्यांनी घडी घालून पाकिटात ठेवला.

घरी आल्यावर दादाने विचारलं काय बघितलंत, तेव्हा बाबांनी गुहा, सुळके काही सांगितलं नाही, तो रुमाल काढला. दादा म्हणाला, एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठी. दादा, तू हे वाचणार आहेस म्हणून लिहिते. इंजिनाचं काम व्हायला हवं होतं, खरंय, आणि त्याच्या पैशात माझा वाटा मी दुसऱ्या वर्षी दिला. पण बाबांना समुद्राचा कंटाळा आलाय हे तू ठरवलंस. ज्याने जन्मभर जेवण करून वाढलं त्याला एकदा पानावर बसवलं तर त्याला अन्नाचा कंटाळा आला असं आपण म्हणत नाही. आता संध्याकाळी जेटीवर बाबा चार म्हाताऱ्यांना एका भरतीच्या मुलखाची गोष्ट सांगत असतात, ते तूही बघतोस.

तेव्हा तुमच्या घरच्यांना सांगा, समुद्राकाठच्या माणसाला तिथे जास्त दिसतं. मुंबईपुण्याचा माणूस सुळके बघून फोटो काढतो आणि खाली जेवायला जातो. तुमचे वडील पाणी वाचतील.

थोडं कामाचंही सांगते. बुकिंग करताना केबिन कोणत्या मजल्यावर आणि जनरेटरपासून किती लांब हे लेखी घ्या. बोट लहान घ्या, मोठ्या बोटींवर रात्री गाणी लावतात. मुख्य हालाँगपेक्षा शेजारच्या कॅट बा बेटाच्या बाजूचा 'लान हा' उपसागर शांत आहे, पाणी आणि दगड तेच. युनेस्कोने हालाँगला १९९४ मध्ये जागतिक वारसा म्हटलं आणि २०२३ मध्ये कॅट बाही त्यात घेतलं. तरंगत्या गावांसाठी म्हणून जाणार असाल तर हे माहीत असू द्या की त्यातली बरीच कुटुंबं २०१४ मध्ये सरकारने जमिनीवर वसवली. वल्हवत फिरवायला येतात त्यांतले कित्येक आता रात्री पाण्यावर राहत नाहीत. बाबांना ते कळल्यावर त्यांनी त्या होडीवालीला खिशात होते तेवढे पैसे दिले.

आणि वर मी लाट नाही म्हटलं ते नोव्हेंबरचं. जून ते सप्टेंबर जाऊ नका. तो तिकडच्या वादळांचा काळ आहे, २०२४ च्या सप्टेंबरात यागी वादळाने तो किनारा झोडपला. २०२५ च्या जुलैत अचानक आलेल्या वादळवाऱ्यात पर्यटकांची बोट उलटून पस्तीसहून जास्त माणसं गेली, आणि ती दिवसाच्या फेरीची बोट होती. आपण १ जून ते ३१ जुलै होड्या वर ओढून ठेवणारी माणसं, आपल्याला हे वेगळं सांगायला नको. बंदरातून बोटी थांबवल्या तर एजंटशी वाद घालू नका, हनोईत एक दिवस जास्त राहा. जानेवारी-फेब्रुवारीत धुकं आणि बारीक पाऊस असतो, सुळकेच दिसत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात चांगले. जमलं तर पौर्णिमा धरून जा.

आईच्या गुडघ्यांचं तुम्ही लिहिलंय. लहान होडीतून मोठ्या बोटीवर चढताना एक पायरी उंच असते, खलाशी हात देतात, त्यांना जमेल. गुहेच्या आणि तितोपच्या पायऱ्यांना मात्र सरळ नाही म्हणा.

वडील रात्री डेकवर बसून राहिले तर त्यांना झोपायला बोलवू नका. पांघरूण नेऊन द्या, पहाटे तिथे गारठा असतो.