ओशन बीचवर सर्फिंग नेमके कोणत्या महिन्यांत करावे?

मे महिन्याच्या अखेरीस भुसावळहून सॅन फ्रान्सिस्कोला भावाकडे जाऊन दिवाळीपर्यंत तिथे राहण्याचा आपला बेत आहे, तापीत पोहण्याची लहानपणापासूनची सवय आहे, तेव्हा भर उन्हाळ्यात तिथल्या ओशन बीचवर सर्फिंग शिकता येईल का, असे आपण विचारले आहे. मी मूळचा अमळनेरचा. नोकरीमुळे त्या किनाऱ्याजवळ बरीच वर्षे राहिलो आहे. माझे उत्तर असे की सर्फिंग जरूर शिकावे, पण ओशन बीचवर नाही, आणि उन्हाळ्याकडून तर फारशी अपेक्षाच ठेवू नये.

याचे कारण वारा. एप्रिलपासून उत्तर पॅसिफिकवर हवेच्या जास्त दाबाचे क्षेत्र ठाण मांडते, तर किनाऱ्यामागच्या डोंगरांपलीकडचे कॅलिफोर्नियाचे मोठे खोरे तापून तिथे दाब उतरतो, आणि या दोहोंच्या ओढीने वायव्येकडून वारा वाहू लागतो. रावेरच्या केळीबागा तासाभरात आडव्या करून निघून जाणारे हे वादळ नव्हे. हा वारा आठवडेच्या आठवडे चालतो आणि दुपारी खाऱ्या वाऱ्याची भर पडली की लाटांचा पार चुराडा करतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे या वाऱ्याने ढकललेले पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर सरकते आणि त्याची जागा घ्यायला खालचे गार पाणी वर येते. म्हणून एप्रिल-मेमध्ये, भुसावळचा पारा 45 ला टेकलेला असताना, ओशन बीचचे पाणी 10 ते 12 अंश सेल्सिअस असते. जून-जुलैतही त्यात फार फरक पडत नाही, वर धुक्यामुळे सूर्यदर्शन दुर्मीळ.

या थंडीला तापीतल्या सरावाचा उपयोग नाही. चार-तीन मिलिमीटर जाडीचा वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसून ऊब टिकवणारा रबरी पोशाख, आणि पायात रबरी बूट हवेतच. (वेटसूटसाठी नाव कमावलेल्या जॅक ओ'नील यांनी आपले सर्फ शॉप 1952 साली याच किनाऱ्यालगतच्या ग्रेट हायवेवर उघडले, यात नवल नाही.) पहिली लाट डोक्यावरून गेली की मानेतून गार पाण्याची धार पाठीवर उतरते आणि श्वास अडकतो, तासाभराने बाहेर यावे तर बोटे इतकी बधिर झालेली असतात की वेटसूटची चेन धरता येत नाही, सोबत्याला ओढायला सांगावी लागते.

खरा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंतचा. वायव्येचा जोर ओसरतो, पाणी 14-15 अंशांपर्यंत चढते आणि सकाळी जमिनीकडून मतलई वारा सुटतो. समोरून येणाऱ्या लाटेला हा वारा तोंडावर थोपवून धरतो, त्यामुळे ती लवकर कोसळत नाही आणि तिचा उतार स्वच्छ राहतो. त्याच सुमारास अलास्काच्या बाजूची पहिली वादळे लाटा धाडू लागतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत मात्र त्याच लाटा इतक्या मोठ्या होतात की तो खेळ मुरलेल्यांनीच खेळावा.

लाटांचा अंदाज वाचताना नवशिके फक्त उंची पाहतात. माझ्या मते आधी वारा पाहावा, मग पिरियड, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या दोन लाटांमधले सेकंद, आणि उंची शेवटी. दीड मीटरची 8 सेकंदांची लाट ही जवळच्या वाऱ्याने उठवलेली खळबळ असते; तेवढ्याच उंचीची 17 सेकंदांची लाट हजारो किलोमीटरांवरून येते, तिला सुमारे 225 मीटर खोलीपासूनच तळ जाणवू लागतो आणि उथळ पाण्यात ती आकड्यापेक्षा कितीतरी उंच उभी राहते. खोल समुद्रात अशा लाटांच्या ताफ्याचा नॉटमधला वेग पिरियडच्या दीडपट धरावा. 20 सेकंदांचा ताफा 30 नॉटने, म्हणजे ताशी सुमारे 55 किलोमीटरने सरकतो, तेव्हा 4,000 किलोमीटरवरच्या वादळाची वर्दी तीन दिवस आधी मिळते. शहराच्या पश्चिमेला समुद्रात 46026 क्रमांकाचा बोया, म्हणजे नोंदी घेणारा तरंगता पिंप, आहे, त्यावर वारा, पिरियड आणि पाण्याचे तापमान घरबसल्या पाहता येते.

ओशन बीच नवशिक्याला का नको, तेही सांगतो. सुमारे साडेपाच किलोमीटरांचा हा किनारा थेट पश्चिमेला उघडा आहे, आडोसा कुठलाच नाही. वाळूचे दांडे सारखे जागा बदलतात आणि त्यांच्यामधल्या खाचांतून परतणारे पाणी माणसाला आत ओढते. उत्तरेच्या टोकाला गोल्डन गेटमधून अख्ख्या उपसागराची ओहोटी बाहेर पडते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर तिकडे फिरकूच नये. ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये, किनाऱ्याला समांतर पोहत तिच्या पट्ट्याबाहेर पडावे. मोठ्या पावसानंतर तीन दिवस पाण्यात उतरू नये, कारण गटारांचे पाणी समुद्रात आलेले असते.

आपण जून ते ऑगस्टमध्ये दक्षिणेकडच्या पॅसिफिका गावातल्या लिंडा मार किनाऱ्यावर, वारा उठण्याआधी सकाळी लवकर, शिकवणी लावून सुरुवात करावी. तिथे लाटा तुलनेने मवाळ असतात, बोर्ड आणि वेटसूट भाड्याने मिळतात. दरम्यान ओशन बीचवर कोरड्या वाळूत अर्धा तास उभे राहून बोयाचे त्या दिवशीचे आकडे समोरच्या लाटांशी ताडून पाहावेत. ऑक्टोबरमध्ये एखाद्या लहान लाटांच्या, मतलई वाऱ्याच्या सकाळी तिथे उतरावेसे वाटले, तर शिकवणाऱ्याला विचारावे आणि एकट्याने जाऊ नये.