‘सगळी मुलं नाचतात, आमचाच रडतो’

आषाढीच्या दिंडीपासून दिवाळीपर्यंत आईबाबांची एकच काळजी मी पुन्हापुन्हा ऐकते. बालवाडीत सण झाला, सगळी मुलं नटूनथटून मिरवली आणि आमचं मात्र कोपऱ्यात रडत उभं. भित्रं आहे का? मागे पडेल का?

अशाच एका आईची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. मुलगा चार वर्षांचा. दिंडीत त्याला विठोबा केलं होतं. मुकुट डोक्यावर ठेवला आणि त्यानं भोकाड पसरलं.

“मॅडम, ग्रुपवर सगळ्यांचे फोटो आले. आमच्याचा एकही नाही.”

“मुकुट कोणी केला होता?”

“मीच. रात्री उशिरापर्यंत बसले होते.”

“आणि त्यानं काय केलं?”

“त्यानं? तो झोपला होता.”

माझ्या मते सगळं इथेच होतं. मुकुट, टाळ, तुळस, सगळं त्याच्यापर्यंत तयार होऊन आलं. त्याच्या वाट्याला उरला तो टोचणारा पुठ्ठा आणि मोबाइल रोखून उभी असलेली मोठी माणसं. आपल्याकडे बघताहेत हे या वयात कळतं, पण ते पेलवतंच असं नाही. त्याला भित्रा म्हणायला माझी जीभ रेटेना.

पोळा जवळ आला होता. मी शाडूचा गोळा आणायला सांगितला. अट एवढीच, की त्यानं मागितल्याशिवाय आईनं मातीला हात लावायचा नाही.

तो बराच वेळ नुसती बोटं खुपसत बसला. मग पाणी मागितलं. माती थापटली, मोडली, परत थापटली. आईचे हात शिवशिवत होते. शेवटी एक ओबडधोबड गोळा झाला, वर दोन शिंगं.

आईला राहवलं नाही. “अरे, बैलाला पाय नकोत का?”

मान वर न करता तो म्हणाला, “बसलाय तो. दमलाय.”

आई गप्प झाली. मग हळूच सांगू लागली, “तुझ्या आजोबांचे बैलही दमायचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आजोबा त्यांच्या खांद्याला हळद-तूप लावून शेकायचे. पोळ्याला त्यांना काम नाही.” त्यानं ऐकलं आणि अंगठ्यानं त्या गोळ्याचे खांदे चोळायला लागला. कितीतरी वेळ.

पोळा कशासाठी असतो, हे त्याला कोणी समजावलं नव्हतं. ते त्याच्या अंगठ्यात उतरलं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या समुद्रकाठच्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा भोवतालची माती, पानं, शिंपले हीच मुलांची साधनं केली. मी त्याच वाटेची आहे, आणि त्या दुपारी त्याचं मला फार समाधान वाटलं.

म्हणून माझं सांगणं असं, की सण शाळेत पोचण्याआधी मुलाच्या हातात पोचू द्या. तिळगुळाचे लाडू त्याला वळू द्या, वाकडे झाले तरी तेच ताटलीत ठेवा. भोंडल्याचा हत्ती पाटावर त्यालाच काढू द्या. सोंड राहिली तर पुसून नीट करायला जाऊ नका. किल्ल्यावर हळीव त्यानं पेरावेत, रोज पाणीही त्यानंच घालावं. सोबत तुमच्या लहानपणीची एखादी आठवण सांगा. तयार सजावट विकत मिळेल, ती आठवण मिळणार नाही.

शाळेतल्या ताईंशीही आधी बोला. त्याला पताका धरू दे, झांज वाजवू दे, नाहीतर दाराशी उभं राहून बघू दे. बघणं हाही त्याचा सहभागच आहे. ढोलाच्या आवाजानं कान झाकत असेल तर थोडं लांब उभं करा. मात्र मूल एरवीही हाकेला ओ देत नसेल, बोलणं फारच कमी असेल किंवा मिक्सर-शिट्टीसारख्या रोजच्या आवाजांनीही कासावीस होत असेल, तर पुढच्या सणाची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.