महामार्गाच्या कामाच्या ठिकाणी अपघात झाल्यास कायदेशीर जबाबदारी कोणाची?

आपल्या प्रश्नाचा आशय असा: चौपदरीकरण सुरू असलेल्या महामार्गावर रात्री अकराच्या सुमारास आपले बंधू स्वतःची गाडी चालवत होते. डायव्हर्जन कोठून सुरू होते हे सांगणारा फलक किंवा दिवा नव्हता आणि गाडी मोरीसाठी खोदलेल्या चरात गेली. बंधूंचा पाय मोडला, शेजारी बसलेले आपले मेहुणे जागीच गेले आणि पोलिसांनी गुन्हा मात्र बंधूंवरच दाखल केला. कंत्राटदाराची काहीच जबाबदारी नाही का, असे आपण विचारले आहे. मेहुण्यांच्या निधनाबद्दल मनापासून सहवेदना. मी गेली अनेक वर्षे मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे, म्हणजे वाहन अपघातांतील भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणापुढे, वकिली करतो, त्या अनुभवावरून लिहितो.

कंत्राटदारावर जबाबदारी येते, आणि ती येण्यासाठी बंधूंचा काहीच दोष नव्हता असे सिद्ध करावे लागत नाही. पोलीस, विमा कंपनी आणि दुर्दैवाने पुष्कळदा नातेवाईकही, दोष एक तर चालकाचा नाही तर रस्त्याचा, असे धरून चालतात. कायदा तसे मानत नाही. दोघांच्या निष्काळजीपणातून मिळून अपघात घडला असेल, तर त्रयस्थ पीडिताला दोघांपैकी कोणाकडूनही संपूर्ण भरपाई मागता येते आणि दोघांनी आपापसांतला हिशेब नंतर करायचा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट केले आहे. त्याच न्यायालयाने 2024 मध्ये, महामार्गाच्या मधोमध कोणतीही खूण न लावता सोडून दिलेल्या ट्रेलरवर मोटार आदळल्याच्या प्रकरणात, चालकाचा सहभागी दोष प्रवाशांच्या माथी मारता येणार नाही, असेही म्हटले आहे. मेहुणे प्रवासी होते. त्यामुळे बंधूंचा वेग किती होता यावर कितीही वाद झाला, तरी त्या कारणाने आपल्या बहिणीच्या भरपाईतून एक रुपयाही कापला जाता कामा नये. बंधूंच्या स्वतःच्या भरपाईतून मात्र त्यांच्या दोषाच्या प्रमाणात वजावट होऊ शकते.

रस्त्याचे काम चालू असताना काय करायला हवे होते, हे कोणाच्या मर्जीवर सोडलेले नाही. रस्त्यांची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:एसपी:55 या मार्गदर्शिकेत कामाच्या जागेचे चार भाग सांगितले आहेत: आगाऊ सूचना देणारा पट्टा, वाहनांना हळूहळू दुसऱ्या मार्गिकेकडे वळवणारा पट्टा, प्रत्यक्ष कामाची जागा आणि वाहतूक पुन्हा मूळ मार्गावर आणणारा शेवटचा पट्टा. आपल्याकडे प्रत्यक्षात बहुतेक वेळा यांतला तिसराच भाग दिसतो. चुना लावलेले दगड, काठीला बांधलेली सिमेंटची रिकामी गोणी आणि ज्याची परावर्तक पट्टी धुळीने केव्हाच मेली आहे असा एखादा ड्रम, एवढ्यावर काम भागवले जाते. दिवसा ते चालून जाते. रात्री, समोरच्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर असताना, तो दगड दिसेपर्यंत ब्रेक लावायला जागा उरलेली नसते.

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 198-अ आले. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल यांची जबाबदारी असलेले प्राधिकरण, कंत्राटदार, सल्लागार किंवा सवलतधारक (करारान्वये रस्ता बांधून चालवणारी कंपनी) यांनी विहित मानके पाळली नाहीत आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा दंड कुटुंबाला मिळत नाही, तो मोटार वाहन अपघात निधीत जमा होतो. एका जिवाच्या मानाने ही रक्कम मला फारच तोकडी वाटते. तरीही या कलमाचा उपयोग करून घ्यावा, असा माझा आग्रह असतो, कारण न्यायालयाने काय पाहायचे हे त्याच्या तिसऱ्या पोटकलमात लिहून ठेवले आहे: रस्ता कोणत्या प्रकारचा आहे, त्यावर कशी वाहतूक अपेक्षित आहे, धोकादायक स्थितीची प्राधिकरणाला कल्पना होती किंवा असायला हवी होती का, आणि दुरुस्ती वेळेत होण्याजोगी नसेल तर तिथे सूचनाफलक कोणते लावले होते. खोदकाम ज्याने केले तो ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असे म्हणूच शकत नाही. मग प्रश्न उरतो तो फलकांचा.

इथेच बहुतेक दावे दुबळे होतात. माझ्याकडच्या एका प्रकरणात अपघात रात्री झाला आणि घटनास्थळाचा पंचनामा दुसऱ्या दिवशी दुपारी. पंचनाम्यात ‘डायव्हर्जनचा फलक लावलेला आहे’ असे स्वच्छ लिहिलेले होते. मृताचा पुतण्या सकाळी सातला गाडीतले सामान आणायला गेला असताना त्याने मोबाइलवर सहा फोटो काढले होते. त्यांत फलक नव्हता. दुपारच्या पोलीस छायाचित्रात फलक होता, आणि त्याच्या पायथ्याचे काँक्रीट ओले, गडद राखाडी दिसत होते. त्या ओल्या काँक्रीटवर मी कंत्राटदाराच्या अभियंत्याची जवळजवळ तासभर उलटतपासणी घेतली. ते फोटो नसते, तर माझ्या हातात काहीच नव्हते. म्हणून आपल्यापैकी कोणी त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी काढलेला फोटो, मागून येणाऱ्या एखाद्या गाडीच्या डॅशकॅमचे चित्रण, जवळच्या पेट्रोल पंपाचे किंवा टोलनाक्याचे सीसीटीव्ही असे जे काही असेल ते आजच मूळ स्वरूपात जपून ठेवा. ज्या फोनवर फोटो काढले तो फोन विकू नका. रुग्णवाहिकेचा चालक आणि मदतीला धावलेले गावकरी यांची नावे लिहून ठेवा. त्याच वळणावर आधी कोणाची गाडी गेली होती का, याचीही गावात चौकशी करा, कारण आधीच्या अपघाताची नोंद सापडली तर धोक्याची कल्पना होती हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

त्याचबरोबर माहिती अधिकारात अर्ज करून त्या टप्प्याचा करारनामा, मंजूर वाहतूक व्यवस्थापन आराखडा आणि देखरेख करणाऱ्या अभियंत्याचे मासिक अहवाल मागवा. अर्ज योग्य कार्यालयाकडे जायला हवा, हे पाहा. एकाच महामार्गाचे टप्पे वेगवेगळ्या यंत्रणांकडे असतात; मुंबई–गोवा महामार्गाचेच उदाहरण घेतले, तर पनवेल ते इंदापूर हा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि त्यापुढचे काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, अशी विभागणी झाली. करारात बहुधा असे कलम असते की त्रयस्थांच्या नुकसानीची जबाबदारी कंत्राटदाराची राहील आणि त्यासाठी त्याने विमा उतरवावा. त्या विमा कंपनीचे नाव मिळवा. करारातील या कलमाकडे बोट दाखवून शासकीय यंत्रणा अंग काढून घेऊ पाहते, पण तो त्या दोघांमधला करार आहे. रस्ता वापरणाऱ्याप्रती असलेले यंत्रणेचे कर्तव्य त्याने संपत नाही, हीच भूमिका दाव्यात ठामपणे मांडायला हवी.

आता दाव्याविषयी. बहिणीने मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे अर्ज करावा आणि त्यात गाडीचा मालक व चालक, गाडीची विमा कंपनी, कंत्राटदार आणि महामार्ग यंत्रणा या सर्वांना प्रतिवादी करावे. प्राधिकरणापुढे फक्त वाहनवाल्यांवरच दावा चालतो, हा आक्षेप हमखास घेतला जाईल. रेल्वे फाटकावरील अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये, अपघात मोटार वाहनाच्या वापरातून घडला असेल तर वाहनाशी संबंध नसलेल्या दुसऱ्या दोषी पक्षाविरुद्धही तिथेच दाद मागता येते, असे ठरवले आहे. हाच निर्णय आपल्या कामी येईल.

मालक आणि चालक म्हणजे आपले बंधू. बहिणीने सख्ख्या भावाविरुद्ध दावा लावायचा, या कल्पनेने घरात अस्वस्थता येणार, हे मी अनेक कुटुंबांत पाहिले आहे. काही जणांनी तेवढ्यासाठी दावाच केला नाही. कृपया तसे होऊ देऊ नका. विमा पॉलिसी चालू असेल आणि तिच्या अटींचा भंग झालेला नसेल, तर भावाचे नाव कागदावर लागते आणि पैसे विमा कंपनी भरते. दोघांचे वकील मात्र वेगवेगळे असावेत, कारण दोषाच्या वाटपात त्यांचे हितसंबंध एकसारखे नाहीत.

अर्जाची मुदत अपघातापासून सहा महिने आहे. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्यावर विसंबून राहू नये. बंधूंनी स्वतःच्या दुखापतीसाठी केवळ कंत्राटदार व यंत्रणेविरुद्ध दाद मागायची असल्यास दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा करणे मला अधिक सुरक्षित वाटते. त्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत धरली जाते आणि शासनाला प्रतिवादी करायचे असल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 खाली दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते. याखेरीज मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये खड्डे व उघड्या मॅनहोलमुळे होणाऱ्या मृत्यूसाठी सहा लाख रुपये आणि दुखापतीसाठी पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली आहे. मोरीचा चर त्या व्याख्येत बसतो का यावर वाद होईल, तरीही अर्ज करावा.

फौजदारी बाजूने, बंधूंवर भारतीय न्याय संहितेचे कलम 106(1), म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचे कलम, लागले असणार. त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कंत्राटदार आणि जबाबदार अभियंते यांच्याविरुद्धची तक्रार पोलीस ठाण्यात लेखी द्या व पोच घ्या. नोंद झाली नाही तर ती पोलीस अधीक्षकांकडे पाठवा आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. असे गुन्हे नोंदवले जातच नाहीत, हे कोणी सांगितले तर मानू नका. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ नोव्हेंबर 2024 मध्ये रामगंगेवरील अर्धवट पुलावरून मोटार खाली कोसळून तिघांचा मृत्यू झाला, तेव्हा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अभियंत्यांवर गुन्हा दाखल झाला होता.

सर्वांत आधी गाडीची पॉलिसी काढून पाहा. ती ‘पॅकेज’ म्हणजे सर्वसमावेशक असेल, तर शेजारी बसलेल्या प्रवाशाचा धोका त्यात धरलेला असतो. केवळ ‘लायबिलिटी ओन्ली’ म्हणजे त्रयस्थांच्या नुकसानीपुरतीच असेल, तर विमा कंपनी खाजगी गाडीतील प्रवाशाची जबाबदारी नाकारील आणि मग कंत्राटदार व महामार्ग यंत्रणा हेच दाव्याचे मुख्य प्रतिवादी ठरतील. मालक-चालकाचे पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण घेतलेले आहे का, तेही त्याच कागदावर दिसेल. बंधूंच्या पायाला कायमचे अपंगत्व आले तर ते लागू होऊ शकते, म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडील सर्व कागद एकत्र ठेवा.