घडी बसायची वाट बघू नकोस

तुझा मेल काल रात्री दोनदा वाचला. नवीन नोकरी, नवीन घर, आईचं ऑपरेशन, सगळं तीन महिन्यांत, आणि शेवटी ती ओळ, "सगळं सेटल झालं की परत लिहायला बसेन, वही पण अजून कुठल्यातरी खोक्यातच आहे." बाकीचं वाचून काळजी वाटली, पण झोप उडवली ती या ओळीनं. कारण हीच ओळ मी पण बोललेय, आणि ती मला चार वर्षांना पडली.

लिहिणं का महत्त्वाचं ते तुला सांगत बसत नाही, तुला ते माझ्याइतकंच माहितीये. मला एवढंच म्हणायचंय की घडी बसत नसते. मुलगी झाली तेव्हा मी म्हटलं जरा रात्रीची झोपायला लागू दे, मग म्हटलं शाळेत जाऊ दे, मग बदली झाली, मग नवीन जागेत रुळू दे. प्रत्येक वेळी कारण खरं होतं गं, एकही खोटं नव्हतं, म्हणूनच फसले. त्या चार वर्षांतले फोटो भरपूर आहेत. पण ती बोलायला लागली तेव्हा कुठल्या शब्दाला काय म्हणायची ते मला आठवत नाही, आणि नवऱ्याला विचारलं तर तो भलतंच सांगतो. ते गेलं ते गेलंच.

आणि "मी आळशी झालेय" हे जे लिहिलंयस ना, ते आधी डोक्यातून काढ. वेंडी वुड नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये एक अभ्यास छापला होता, एका विद्यापीठातून दुसरीकडे गेलेल्या विद्यार्थ्यांचा. व्यायाम, पेपर वाचणं, टीव्ही बघणं, असल्या साध्या सवयी. जिथं आजूबाजूची परिस्थिती जुन्यासारखीच राहिली तिथं सवय टिकली, जिथं ती बदलली तिथं विस्कटली. तुझं लिखाण त्या खिडकीजवळच्या टेबलाला आणि सकाळच्या साडेसहाला चिकटलेलं होतं. टेबल गेलं, साडेसहाही गेले, मग लिखाण कशाला धरून राहणार? आता त्याला दुसरं काहीतरी दे धरायला. घड्याळाची वेळ नको, ती या दिवसांत तुझ्या हातात नाहीये. आईला रात्रीची गोळी देतेस ना, ती दिली की लगेच दोन ओळी, तिथंच बसून.

दोनच ओळी. कादंबरी ठेव बाजूला, तिचं काय करायचं ते नंतर कळेल. तारीख टाकायची आणि दिवसभरात कोणीतरी बोललेलं एक वाक्य जसंच्या तसं उतरवायचं, सुधारायचं नाही, सुंदर करायचं नाही. अँथनी ट्रॉलप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरी करायचा, कामासाठी सारखा रेल्वेनं हिंडायचा, तर तो डब्यातच मांडीवर लिहायची पाटी घेऊन पेन्सिलनं लिहायचा. नंतर त्याची बायको ते सगळं नीट उतरवून काढायची. तुला आणि मला तसं उतरवून देणारं कोणी नाही, मान्य, पण मांडी तर आहे ना!

एखादा दिवस चुकला तर चुकू दे. एक दिवस चुकणं वेगळं आणि "नंतर बघू" म्हणणं वेगळं, आणि तू दुसरं म्हणतेयस म्हणून मला राग येतोय. घडी बसायची वाट बघू नकोस. किती वेळा सांगू.

बाबा आयसीयूत नऊ दिवस होते तेव्हा मी बाहेरच्या बाकड्यावर बसून मेडिकलच्या बिलांच्या मागे लिहीत होते. भाऊ म्हणाला, "बाबा आत आहेत आणि तुला हे सुचतंय?" मी उत्तर दिलं नाही, तेव्हा देता आलं नाही, आज देते. आत सोडायचे दिवसातून दोनदा, थोडा वेळ. उरलेला वेळ सगळे फोन बघत होते, त्यांना कोणी काही बोललं नाही. मला भीती वाटत होती आणि मला भीती लिहूनच सोसता येते, यात प्रेम कमी कुठं आलं? मी एकही औषध आणायला उशीर केला नाही, एकही रात्र चुकवली नाही. पाचव्या दिवशी बाबांनी मास्क जरा सरकवून विचारलं, "झाडांना पाणी घातलंस का?" ते तारखेसकट माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी भावानंच ती बिलं मागून घेतली, वाचली, आणि दोन दिवसांनी नीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत दिली. बोलला काहीच नाही.

म्हणून सांगते, आईजवळ बसून लिहिलंस तर तिचा वेळ चोरतेयस असं मनात आणू नकोस. ती झोपेत काय बडबडते, भूल उतरताना पहिलं नाव कुणाचं घेतलं, हे तुझ्याशिवाय कोण लिहिणार आहे?

आणि ती वही शोधत बसू नकोस आता. खोकी उघडायला लागलीस की भांडी निघतील, पडदे निघतील, रात्र त्यातच जाईल. डिस्चार्जचे कागद समोरच असतील ना, त्यातला एखादा पाठकोरा बघ.