सहा कागदांची वही

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, सोबतची अकरा मुखपृष्ठंही पाहिली. रंगांची जाण तुला आहे, हे पहिल्या दोनांतच कळलं. पण अकरा मुखपृष्ठं आणि आतलं पान एकही नाही! वह्या विकायच्या ठरवल्यास आणि वहीच काढायची राहिली. वाईट वाटून घेऊ नकोस, मीही सुरुवातीला हेच केलं होतं. मुखपृष्ठ पाहून गिऱ्हाईक वही उचलतं खरं, पण दुसऱ्यांदा येतं ते आतल्या पानासाठी.

कोर्स कोणता लावू आणि सॉफ्टवेअर कोणतं घेऊ, असं विचारलं आहेस. कोर्स सध्या कोणताच नको. सॉफ्टवेअर म्हणशील तर इंकस्केप आणि स्क्रायबस, दोन्ही फुकट मिळतात. चित्रं, लेबलं, कार्डं पहिल्यात कर आणि पानांची मांडणी दुसऱ्यात. थोडे दिवस चाचपडशील, मग हात बसेल. यापेक्षा जास्त वेळ या प्रश्नाला देऊ नकोस.

तो वेळ कागदाला दे. ए४चे सहा कागद घे, प्रत्येकाची लांबी अर्धी होईल असा मधोमध काप, बारा तुकडे एकावर एक ठेवून घडी घाल आणि घडीवर दोन पिना मार. ४८ पृष्ठांची खिशात मावणारी ए६ वही तयार. एका तुकड्याची चार पृष्ठं होतात, म्हणून अशा वहीची पृष्ठसंख्या नेहमी चारच्या पटीत असते. आता ती मिटून कडेने बघ: आतले कागद बाहेर डोकावत असतील. ती कड पोलादी पट्टी धरून कटरने काप. हात जरासा सरकेलच. मुखपृष्ठाचा रंग बरोबर कडेपाशी थांबवला असशील, तर तिथे पांढरी चीर दिसेल. छापखानेवाले रंग कापण्याच्या रेषेपलीकडे ३ मिमी वाढवून मागतात, ज्याला ब्लीड म्हणतात, ते याचसाठी. हे एकदा स्वतःच्या हाताने बिघडलं की आयुष्यभर लक्षात राहतं.

आणखी एक गंमत. कागदाचे तंतू बहुतेक एकाच दिशेने पडलेले असतात, त्याला ग्रेन म्हणतात. घडी ग्रेनला समांतर असली तर वही सपाट उघडते आणि नीट मिटते. आडवी गेली तर घडी फुटल्यासारखी दिसते आणि वही आ वासून पडते. नेहमीच्या ए४ कागदात ग्रेन बहुधा लांब बाजूला समांतर असतो. त्यामुळे वरच्या ए६ वहीत घडी बरोबर बसते, आणि त्याच कागदाला नुसती एक घडी घालून ए५ वही केलीस तर ती ग्रेनला आडवी जाते. दोन्ही करून शेजारी ठेव. ग्रेन ओळखायला कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकव. जिकडे सहज वाकतो, तिकडची घडी खरी.

आता माझी फजिती सांगते. माझ्या पहिल्या आखीव वह्या २०० होत्या. पडद्यावर मी रेघा अगदी बारीक आणि फिकट करड्या ठेवल्या होत्या, इतक्या सुरेख की मीच खूश! छापून आल्या तेव्हा रेघा तुटक, धुळीसारख्या. छापखान्यात भांडायच्या तयारीने गेले आणि भिंग डोळ्याला लावल्यावर गप्प बसले. यंत्रात करडी शाई नव्हतीच. काळ्या शाईचे बारीक ठिपके विरळ टाकले की डोळ्याला करडं दिसतं. केसाएवढ्या रेघेत ठिपक्यांची धड एक रांगही मावत नाही, मग रेघ तुटणारच. चूक माझ्या फाइलीत होती. तेव्हापासून रेघेसाठी शक्य असेल तिथे वेगळी फिकट शाईच मिसळून घेते. डिजिटल छपाईत, म्हणजे फाइलवरून थेट छापतात तिथे, बहुधा तशी सोय नसते. तिथे एका पानावर ०.१ ते ०.४ मिमी जाडीच्या आणि काळ्याच्या २० ते ६० टक्के छटांच्या रेघा काढ, ज्या यंत्रावर माल छापायचा त्याच यंत्रावर ते पान छापून घे आणि त्यावर पेनाने लिही. लिहिताना रेघेचा आधार वाटावा आणि लिहून झाल्यावर ती दिसेनाशी व्हावी. तशी रेघ निवड.

लिहायचं म्हणजे खरंच लिहायचं. बॉलपेन, जेल, शाईचं पेन, सगळ्यांनी. शाई फुटते का, मागच्या बाजूला उमटते का, ते बघ. नुसत्या जीएसएमवर जाऊ नकोस, तो आकडा वजन सांगतो. ८० जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागद ८० ग्रॅमचा. त्याचा सोळावा भाग म्हणजे ए४, पाच ग्रॅमचा. शाई पेलण्याचा गुण वेगळा, तो एकाच वजनाच्या दोन कागदांत निराळा निघतो. दोन रेघांमधलं अंतर ठरवताना आपल्या लिपीत वेलांट्या वर आणि उकार खाली जातात, हे विसरू नकोस. मला ७ मिमीच्या आत कोंडल्यासारखं होतं. तुझं अक्षर बारीक असेल तर तुला नाही होणार, म्हणून चार जणांकडून लिहून घे.

मुखपृष्ठावरचे ‘ल’ आणि ‘श’ तेवढे बदल. हिंदी वळणाचे आले आहेत. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा मराठी निवडली की आपलं येतं. फॉन्टचा परवानाही वाच. ‘ओपन फॉन्ट लायसन्स’ असेल तर विक्रीच्या मालावर बिनदिक्कत वापर. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ लिहिलं असेल तर कितीही आवडला तरी सोडून दे. तुझा तो चमकता पोपटीही विसर, पडदा उजेड फेकतो आणि कागद फेकत नाही. छपाईच्या नेहमीच्या चार शाईंत (निळी, किरमिजी, पिवळी, काळी) तो मळकटच येणार.

धंद्याचं एवढंच सांगते: पहिल्यांदा पंचवीसच कर, डिजिटलवर. ऑफसेटला, म्हणजे धातूची प्लेट बनवून होणाऱ्या छपाईला, त्या प्लेटचा खर्च आधीच पडतो, तो थोड्या प्रतींत वसूल होत नाही. किंमत ठरवताना वाया गेलेल्या प्रती आणि तुझे तास धर. तास कोणीच धरत नाही, मीही तीन वर्षं धरले नव्हते.

यापुढे मला फायली पाठवू नकोस. त्या सहा कागदांच्या वहीत पंधरा दिवस स्वतः लिही, हिशेब, याद्या, काहीही, आणि ती भरलेली वही पाठव. पिना गंजल्या, कोपरे दुमडले, तरी तशीच पाठव.